मिरच्या वाळल्या तो उन्हाळा

कालपासून घरात सगळे शिंकतायत. सुनेला वाटलं व्हायरल. नातीने तर नाकाला रुमाल बांधून औषधांचा डबाच उपसला. मी म्हटलं, "अगं बायांनो, व्हायरल कसलं डोंबलाचं! खाली कुणीतरी मसाल्याच्या मिरच्या भाजतंय." दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मिरच्या भाजणं ही काही पुराणातली गोष्ट आहे. मग मी दार उघडून जिन्यात उभी राहिले आणि तो वास छातीभर घेतला. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि काय सांगू, इतकं बरं वाटलं!

मार्च संपत आला की मुलुंडच्या हवेला एक कोरडेपणा येतो. दुपारी सावली भिंतीला चिकटून बसते, डोंगराकडून येणारा वारा गरम असतो, आणि संध्याकाळी नळाचं पाणीसुद्धा कोमट लागतं. लोक या दिवसांना नावं ठेवतात. मी नाही ठेवत. माझं या उन्हाशी एक जुनं देणंघेणं आहे. ऐंशीच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात, आमच्या जुन्या चार मजली सोसायटीत, मी वयाच्या पस्तिशीत बोलायला शिकले.

हसू नका. शब्द येत होते मला. शाळेत पाठांतराला बक्षीसही मिळालं होतं एकदा. पण दुसऱ्याचं लिहिलेलं म्हणणं वेगळं आणि आपल्या मनातलं चारचौघांत म्हणणं वेगळं. आमच्या घरात बोलण्याचं खातं यांच्याकडे होतं. हे म्हणजे माझे यजमान. बोलण्यात पटाईत माणूस. रिक्षावाल्याशी, गॅसवाल्याशी, शाळेच्या मुख्याध्यापकांशी, सगळ्यांशी हेच बोलायचे, आणि छान बोलायचे. मी मागे पिशव्या धरून उभी. माहेरी मला "गरीब गाय" म्हणायचे आणि मला ते कौतुक वाटायचं. घाटकोपरला एका कंपनीत मी क्लार्क होते, चांगली नोकरी, वेळच्या वेळी काम. पण पाच वाजता शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी त्यांची पत्रं माझ्याकडे सरकवली की मी मुकाट टाइप करत बसायची. आमचा मुलुंडचा फ्लॅटसुद्धा माझ्या ऑफिसच्या कर्जावर, माझ्या नावावर घेतलेला. पण सोसायटीच्या मीटिंगला जायचे हे. मी घरी भाजी निवडत ऐकायची, खालून आवाज यायचा तेवढा.

तळमजल्यावर नलूताई भाड्याने राहायच्या. सावंतवाडीकडच्या. त्यांच्या नवऱ्याची गिरणी बंद पडली आणि परळची खोली सोडून ही मंडळी इकडे आली. नवरा भांडुपला एका कारखान्यात वॉचमन म्हणून लागला होता, पण त्याच्या पगाराचा काही नेम नव्हता. घर खरं चालायचं ते नलूताईंच्या मसाल्यावर. आजूबाजूच्या इमारतींतल्या बायका होळीच्या आधीच त्यांना सांगून ठेवायच्या. मिरच्या आणायच्या, देठं काढायची, गच्चीवर कडक वाळवायच्या, भाजायच्या, डंकावर कुटून आणायच्या, सगळं एकट्या बाईचं काम. मसाला झाला की त्यांच्या हाताला आठवडाभर हळदीचा आणि धण्यांचा वास यायचा.

बोलायला शिकण्याची सुरुवात झाली ती बाजारात. एका रविवारी मी आणि नलूताई बरोबर मासे आणायला गेलो होतो. कोळणीने माझ्या पिशवीत बांगडे टाकले. त्यांचे डोळे आत गेलेले, अंग मऊ. मी पैसे दिले आणि निघाले. चार पावलं गेल्यावर नलूताई थांबल्या.

"वहिनीनू, बांगडो शिळो आसा, ह्यां तुमका कळलां नाय?"

"कळलं की."

"मगे गप कित्याक रवलात?"

नलूताई परत गेल्या, कोळणीशी दोन मिनिटं भांडल्या, दोघी हसल्या, आणि ताजे बांगडे घेऊन आल्या. भांडण झालं आणि कुणी मेलंबिलं नाही! कोळणीने उलट मला कोथिंबिरीच्या चार काड्या वर दिल्या.

सोमवारी संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मी चहाचा कप घेऊन गॅलरीत बसले. कुकर लावायच्या आधीची ती दहा मिनिटं माझी असायची. समोर पिंपळाची नवी पानं, तांबूस, चमकदार. खाली पोरं डबा ऐसपैस खेळत होती. आणि नलूताईंचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. गप का राहिले? मला कळत नव्हतं असं नाही. सगळं कळत होतं. मग सहज म्हणून सकाळपासूनचा दिवस आठवून पाहिला. आज कुठे कुठे गप्प बसले?

अग बाई! दिवसच्या दिवस निघाला. बसमध्ये कंडक्टरने सुटे दिले नाहीत, गप्प. ऑफिसात माझी चूक नसताना साहेबांनी सुनावलं, गप्प. स्वयंपाकघराला यांनी हिरवा रंग ठरवला, तो मला अजिबात आवडला नव्हता, तरी गप्प. मूग गिळून बसणं म्हणतात, मी तर कोठारंच गिळली होती. रडूच यायला लागलं. मी स्वतःला समजूतदार समजत होते, आणि निघाले नुसती घाबरट.

दुसऱ्या दिवशी परत बसले. तिसऱ्याही दिवशी. हळूहळू रडणं ओसरलं आणि कुतूहल वाटायला लागलं. एखाद्या दुसऱ्याच बाईकडे बघावं तसं मी माझ्या दिवसाकडे बघायला लागले. कधी गप्प बसते ही? कोणासमोर? काय होतं तेव्हा तिला? तर असं दिसलं, की माझा पहिला शब्द बारीक निघतो, किनरा. तो मला स्वतःलाच ऐकवत नाही, आणि त्या लाजेपायी पुढचं वाक्य मी गिळून टाकते. माणसांची भीती नव्हतीच फारशी. भीती माझ्याच आवाजाची होती. हे समजलं त्या संध्याकाळी मला एकदम हलकं वाटलं. आवाज म्हणजे काय, श्वास घेऊन सावकाश सुरुवात केली तर सुधारेल की! दुखणं कळलं, आता औषध शोधायचं.

औषध भाजीवाल्यापासून सुरू केलं. "भेंडी जून आहे, दुसरी दे." एवढं एक वाक्य, पण बोलायच्या आधी थांबून श्वास घेतला. भाजीवाल्याने मान वर न करताच दुसरी भेंडी घातली. एवढंच होतं होय! मी घरापर्यंत तरंगत आले. मग कंडक्टरला म्हटलं, "सुटे द्या, मी थांबते." त्याने कपाळाला आठ्या घातल्या, पण दिले. ऑफिसातल्या बाईंना म्हणायला मात्र बरेच दिवस गेले. रोज संध्याकाळी ठरवायचं आणि रोज पाच वाजता पत्रं घ्यायची. एकदा शेवटी म्हटलं, "आज नाही जमणार हो, माझी बस जाते." त्या म्हणाल्या, "बरं." नुसतं बरं! मी कित्येक महिने ज्या "बरं"ला घाबरत होते ते इतकं साधं निघालं.

आता सगळं गोड गोड सांगितलं तर ते खोटं ठरेल. अति तिथं माती. मला बोलण्याची एवढी चटक लागली की यांच्या सोलापूरच्या आत्या आल्या, त्यांनी आणलेले पाकातले बेसनाचे लाडू बशीत ठेवताना मी सगळ्यांसमोर म्हणून गेले, "आत्या, हे फोडायला बत्ता आणू का?" हे हसले. पोरं हसली. आत्या नाही हसल्या. एवढ्या लांबून मांडीवर डबा धरून आल्या होत्या त्या. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, त्यातली गत. संध्याकाळी गॅलरीत चहा कडू लागला. मग त्या दिवसापासून स्वतःला दोन प्रश्न विचारायला लागले. कुठे गप्प बसले, आणि कुठे उगाच बोलले. आत्या निघायच्या आधी त्यांच्यापाशी बसून लाडवांचा पाक कसा करायचा ते विचारलं, त्या खुलल्या, आणि तासभर सांगत बसल्या. बोलण्यात विचारणंही येतं, हे मला तेव्हा समजलं.

आज नातीच्या कॉलेजात यासाठी क्लास असतो. पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट. आरशासमोर उभं राहून "मी करू शकते" असं म्हणायला लावतात म्हणे. असेल, त्यानेही होत असेल. मला काही आरशासमोर धीर आला नाही. मला धीर आला तो काल काय केलं ते आज नीट बघितल्यावर. काल भेंडी परत केली होती, मग आज सुटे पैसे मागता येतील, एवढा साधा हिशोब. नातीला सांगितलं तर म्हणाली, "आजी, तू काय यार, सेल्फ-हेल्प गुरू आहेस!" म्हटलं, गुरू कसली, मी घाबरट बाई होते आणि माझ्याकडे एक गॅलरी होती.

तर तो उन्हाळा. होळी झाली, ऊन तापलं, बायकांनी वर्षाची वाळवणं काढली. कुरडया, सांडगे, पोह्याचे पापड. गच्ची म्हणजे त्या दिवसांत आमचं दुसरं स्वयंपाकघर. पायाला चटके बसायचे, जुन्या साड्या अंथरलेल्या असायच्या, आणि कडेला नलूताईंच्या लालभडक मिरच्या. त्याच गच्चीवर टीव्हीच्या अँटेना. घरोघरी नवे टीव्ही आले होते. वारा आला की अँटेना फिरायची, चित्रात मुंग्या यायच्या, आणि मग कुणीतरी वर धावायचं. वरून ओरड, "आलं का?" मधल्या गॅलरीतून, "आलं का?" खालून, "गेलं! गेलं! होतं ते पण गेलं!" रविवारी सकाळी तर हा कार्यक्रम टीव्हीपेक्षा रंगायचा.

त्यात कुणीतरी वाळवणाच्या साडीची दोरी अँटेनाच्या खांबाला बांधली. आणि तो खांब नेमका सेक्रेटरी पाटणकरांचा. ऐन रविवारी, घरात पाहुणे जमलेले असताना, पाटणकरांच्या टीव्हीवर मुंग्याच मुंग्या. सोमवारी गच्चीच्या दाराला कुलूप लागलं आणि फळ्यावर सूचना आली, "गच्चीवर वाळवणे घालण्यास सक्त मनाई आहे." माणूस वाईट नव्हता हं पाटणकर. पाण्याची टाकी स्वतः उभं राहून धुवून घ्यायचे, दिवाळीत वॉचमनला पहिला फराळ त्यांचा. पण एकदा नियम केला की तो मोडणं म्हणजे त्यांना स्वतःची हाडं मोडल्यासारखं व्हायचं.

बाकीच्या बायका कुरकुरल्या आणि पापड गॅलरीत घातले. नलूताईंनी काय करायचं? त्यांच्या खोलीत मिरच्यांची पोती येऊन पडली होती. खोली दमट. त्यांनी आवारात पसरून पाहिल्या, पण तिथे दुपारनंतर इमारतीची सावली, स्कूटरची धूळ, आणि पोरांचा क्रिकेटचा चेंडू. दोन दिवसांत खालच्या मिरच्यांना कुबट वास यायला लागला.

"मिरसांगेक ऊन होया, वहिनीनू," त्या दारात बसून म्हणाल्या. "नोटीस वाचून ती वाळूची नाय."

मग माझ्याकडे न बघता त्यांनी सांगितलं की हा सीझन बुडाला तर जूनला मुलाला गावी आजीकडे पाठवायचं ठरलंय. इथली शाळा सोडून. मुलगा सहावीत होता, हुशार. त्या रडल्या नाहीत. देठं काढत राहिल्या.

यांनी छातीवर हात मारून सांगितलं, "रविवारी जनरल बॉडी आहे. मी बोलतो ना! पाटणकरला गप्प करतो." नलूताई भाडेकरू, त्यांना मीटिंगमध्ये तोंड उघडायचा हक्क नाही. त्यामुळे हे बोलणार हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. खरं सांगते, आनंद यासाठीही झाला की मला बोलावं लागणार नव्हतं. भेंडी आणि सुटे पैसे वेगळे, आणि पन्नास माणसांसमोर उभं राहणं वेगळं. रविवारपर्यंत रोज हे दाढी करताना भाषण करत होते. "सहकार म्हणजे काय, पाटणकर?" असं म्हणत ब्रश हवेत उडायचा आणि फेस आरशावर.

रविवारी संध्याकाळी आवारात मांडववाल्याच्या खुर्च्या मांडल्या. पुढे पुरुष, मागे आम्ही दोनचार बायका. मला यायचं नव्हतं, पण नलूताईंनी "तुमी तरी जावा, काय बोलतत ता माका सांगा" म्हटलं म्हणून आले. त्या स्वतः त्यांच्या दारात उभ्या होत्या, पडद्याआड, पाय तेवढे दिसत होते. टाकीदुरुस्ती झाली, पंपाचं झालं, आणि गच्चीचा विषय आला. ठराव असा की गच्ची कायमची बंद, किल्ली सेक्रेटरींकडे. हे उठले. काय सुरुवात केली म्हणता! दोन वाक्यांत लोक माना डोलवायला लागले.

पाटणकरांनी चष्मा वर केला. "कर्णिक, एक मिनिट. तुम्ही सभासद आहात का?"

"म्हणजे? पाच वर्षं येतोय मी इथे!"

"येताय, आम्ही चहाही देतोय. पण शेअर सर्टिफिकेट तुमच्या नावावर नाही. नियमाप्रमाणे सभासदालाच बोलता येतं. बसा."

लोक हसले. यांचा चेहरा पडला. पाच वर्षांत कुणी काढला नव्हता तो नियम आज काढला, कारण हे भारी पडत होते. हे बसले. पाटणकर खूश होऊन पुढचं वाचायला लागले. आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शेअर सर्टिफिकेट ज्याच्या नावावर, तो इथेच बसलाय की! मागच्या रांगेत, पदर बोटाला गुंडाळत.

पाटणकरांना ते सुचलंच नव्हतं. आमच्या सोसायटीत कुणालाच सुचलं नसतं. मलाही महिनाभरापूर्वी सुचलं नसतं.

मी उठले. "पाटणकरकाका," मी म्हटलं, आणि तो पहिला शब्द अगदी ठरल्याप्रमाणे किनरा निघाला. मला माहीतच होतं तो तसा निघणार. गेल्या कित्येक दिवसांत त्याची माझी ओळख झाली होती. मी थांबले, श्वास घेतला. "फ्लॅट माझ्या नावावर आहे. तेव्हा मी बोलते."

सगळ्या माना मागे वळल्या. हेही वळले. त्यांचं तोंड उघडंच.

मी भाषण केलं नाही, मला येतच नव्हतं. जे मनात होतं ते सावकाश सांगितलं. अँटेना सगळ्या टाकीच्या स्लॅबवर हलवा, तिथे कुणी वाळवण घालत नाही. दोरी खांबाला बांधली ती चूकच, परत बांधणार नाही. किल्ली जिन्यात खिळ्याला असू दे. आणि नलूताईंच्या मिरच्या आत कुजतायत. त्यांचा मसाला इथल्या निम्म्या घरांत जातो, या बसलेल्यांनी सांगावं जात नाही म्हणून. मिरच्या गेल्या तर त्यांच्या मुलाची शाळा जाते. टीव्हीपेक्षा ते मोठं आहे.

"वहिनी, हे बघा," पाटणकर म्हणाले, "भावनेच्या भरात निर्णय घेता येत नाहीत."

"भावना कसली काका, मी अँटेना हलवायचं बोलतेय."

कुणीतरी खो खो हसलं. मी म्हटलं, "मतदान घ्या." हा शब्द माझ्या तोंडून कसा आला देव जाणे. गच्ची उघडी ठेवायच्या बाजूने हात वर गेले. एक, मग तीनचार, मग रांगच्या रांग. पाटणकरांचा हात काही वर गेला नाही, पण नकारालाही त्यांनी तो वर केला नाही, चष्मा पुसत बसले. बंदीचा ठराव पडला. गच्ची उघडी.

मी खाली बसले तेव्हा शेजारणीने चहाचा कप पुढे केला. आणि आतून कसं वाटलं सांगू? विजयबिजय काही नाही. नुसतं हुश्श! कितीतरी वर्षं श्वास अर्धाच घेत होते आणि आज पूर्ण आत गेला, एवढंच. घरी येताना हे जिन्यात थांबले. म्हणाले, "पुढच्या मीटिंगला तू जा. मी भाजी निवडतो." पुढे बरीच वर्षं त्यांनी निवडलीसुद्धा. मेथीत काड्या सोडायचे, ते सोडा.

नलूताई मात्र त्या संध्याकाळी आल्या नाहीत. मीटिंग संपली तेव्हा पडद्याखालचे पाय नव्हते. मला जरा लागलं. आभार नकोत, पण एक शब्द?

दुसऱ्या दिवशी सकाळी, दूधवाला नुकता येऊन गेला होता, जिन्यातून पोतं ओढल्याचा आवाज आला. दर पायरीला धप्प. माझ्या दाराशी आवाज थांबला. नलूताई घामाघूम उभ्या होत्या, केसांना मिरचीचा लाल धुरळा, मागे मुलगा दुसरं पोतं ढकलतोय. डोळे सुजलेले दिसत होते. आभाराचं अक्षर नाही.

"वहिनीनू, येतास काय वर? देठां काढूक बसा माझ्याबरोबर."

माझी बस आठची होती. डबा व्हायचा होता. आणि समोर नलूताई, ज्यांना मी आजवर कधीही नाही म्हटलं नव्हतं.

"आत्ता नाही जमणार, नलूताई," मी म्हटलं. "संध्याकाळी येते."

त्या पोतं सोडून पायरीवर बसल्या आणि मोठ्याने हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"बघलंस रे झिला?" त्या मुलाला म्हणाल्या. "वहिनी आता माकाच नाय म्हणूक लागले!"

मग पदराने तोंड पुसून त्या उठल्या, आणि मिरच्या घेऊन उन्हात गेल्या.